चष्मेवाल्याचं हेल्मेट

मी हेल्मेट. हो, मीच बोलतोय. व्याकरणवाल्यांनी मला नपुंसकलिंगात टाकलंय, तेव्हा खरं तर 'बोलतंय' म्हणायला हवं. पण तसं म्हटलं की तुम्ही इकडेतिकडे बघणार, कोण बोलतंय म्हणून. तेव्हा 'बोलतोय' एवढं चालवून घ्या. तोंड नाही म्हणून बोलू नये, असं थोडंच आहे? माणसाच्या दोन कानांच्या वर बसून दिवस काढले की चार शब्द शिकायला मिळतातच.

माझा जन्म कारखान्यातला. मोहरीएवढे पांढरे दाणे साच्यात ओततात, त्यात वाफ सोडतात. दाणे फुगतात आणि एकमेकांना असे बिलगतात की पुन्हा म्हणून सुटत नाहीत. झालो मी. वरून निळं कवच, आतून मऊ पट्ट्या, हनुवटीखाली बक्कल. वजनाला म्हणाल तर मोठ्या पेरूएवढा.

आमच्या एका घाण्यात आम्ही शंभर भावंडं होतो. त्यातल्या दोघा-तिघांना उचलून शेजारच्या खोलीत नेलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं दिसलं. तिथे एक लोखंडी डोकं होतं. माझ्या भावाला त्या डोक्यावर चढवलं, उंच नेलं आणि खाली लोखंडावर सोडून दिलं. फाट्! भाऊ मधोमध चिरला. मला वाटलं, आता कुणीतरी हळहळेल. तपासनीस बाईंनी भिंगातून भेग पाहिली आणि म्हणाल्या, "छान फुटलंय. पास."

छान फुटलंय म्हणे! तेव्हा आमच्या जातीचा हिशेब मला कळला. बाकीच्या वस्तूंचं टिकण्यात नाव होतं. आमचं फुटण्यात. तेही आयुष्यात एकदाच, आणि वेळेवर.

तिथून मी सायकलच्या दुकानात आलो. चार महिने फळीवर बसून मी फक्त डोकी पाहिली. तुम्हाला सांगतो, स्वतःच्या डोक्याच्या मापाबद्दल माणसाइतका गैरसमज कुणाचा नसेल. टीचभर डोक्याचे लोक ऐटीत सगळ्यात मोठं हेल्मेट मागतात. मग दुकानातली बाई काही न बोलता फीत काढते, डोक्याभोवती गुंडाळते आणि लहान माप पुढे करते. चेहरे बघण्यासारखे होतात.

एक दिवस एक जोडपं आलं. नवरा चष्म्याचा दुकानदार. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस, पोट जरा पुढे, आणि कपाळावर केसांचा मोठा झोकदार कोंबडा. डॉक्टरांनी पोट कमी करा म्हटल्यामुळे त्यानं सायकल घेतली होती. बायको त्याला हेल्मेटसाठी ओढत घेऊन आली होती.

"मला काय गरज?" तो म्हणाला. "मी हळू चालवतो."

"ते रस्त्याला माहीत आहे का?" बायकोनं विचारलं.

दुकानातल्या बाईनं मला त्याच्या डोक्यावर नीट बसवलं. भुवयांच्या वर दोन बोटं, दोन्ही कानांखाली पट्ट्यांची चोच, आणि बक्कल लावल्यावर हनुवटीखाली जेमतेम एक बोट जाईल इतकी जागा. आरशात बघून बायको खूश झाली. चष्मेवाला मात्र आरशात मला बघतच नव्हता. तो आपला दबलेला कोंबडा बघत होता.

मी त्याचा झालो खरा, पण डोक्यावर बसायचं सुख काही लाभलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत, म्हणजे बायकोला दिसेल तिथवर, मी डोक्यावर. वळण आलं की बक्कल सुटायचं, आणि मी हँडलला टांगला जायचो. आता हँडलला काय मेंदू असतो? वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की तो मला घाईनं पुन्हा चढवायचा, तोही असा मागे सारून, की कपाळ उघडं आणि मान मात्र सुरक्षित.

घरीही माझी तीच गत. कधी माझ्यात लिंबं ठेवली जायची, कधी कपड्यांचे चिमटे. एकदा शेजारच्या मांजरीनं अख्खी दुपार माझ्यात झोपून काढली. खरं सांगायचं तर तोवर मी नीट बसलो होतो तो त्या मांजरीलाच.

दिवस पालटले ते चष्मेवाला रविवारच्या टोळीत जायला लागल्यावर. टोळी म्हणजे सायकलवाल्यांची, दहा-बारा जणांची. त्याला तिथे नेलं त्याच्या थोरल्या बहिणीनं. ही ताई पुस्तकबांधणी करायची. फाटकी, सुटलेली पुस्तकं शिवायची, खळ लावायची, पुठ्ठे चढवायची. बोलणं कमी, हात मात्र सारखे चालू. टोळीत एक पाववाले होते. चांगले आडव्या अंगाचे. त्यांच्या मागे सायकल लावली की समोरचा वारा म्हणून लागायचा नाही. त्यामुळे त्यांच्या मागची जागा पकडायला सकाळी सकाळी चढाओढ चालायची.

आणि टोळीचे म्होरके होते काका. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. म्होरके असून ते चालायचे मात्र सगळ्यांच्या मागे. "कळपाला राखणारा मागेच असतो," म्हणायचे.

काका नियम सांगत नसत. ते गोष्टी करून दाखवत. एका रविवारी त्यांनी टोळीला चक्क बस डेपोत नेलं. त्यांचे जुने सोबती तिथे कामावर होते. एक बस बंद करून उभी होती.

"एकेकानं चालकाच्या खुर्चीत बसायचं," काका म्हणाले. "बाकीच्यांनी मी सांगेन तिथे उभं राहायचं."

चष्मेवाला हौसेनं पहिला चढला. त्या दिवशी मी डोक्यावर होतो. मागे सरकलेला, पण होतो. खाली काकांनी ताई, पाववाले आणि आणखी चौघं, अशा सहा जणांना सायकलींसकट बसच्या दाराच्या बाजूला, पत्र्याला खेटून उभं केलं.

"किती जण दिसतात?" काकांनी खालून विचारलं.

चष्मेवाल्यानं आरशात पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं, अर्धवट उठूनही पाहिलं. "कुणीच नाही. गेले कुठे सगळे?"

"पाववालेसुद्धा दिसत नाहीत?"

"नाही हो!"

खालून पाववाल्यांचा आवाज आला, "आई शप्पथ, जन्मात पहिल्यांदा मी बारीक झालो!"

सगळे खो-खो हसले. हसणं ओसरल्यावर काका म्हणाले, "लोक मला म्हणायचे, ड्रायव्हरनं बघून चालवावं. अहो, बघतच होतो. पण दिसतच नाही ते बघणार कसं? तुम्हाला बसचा आरसा दिसत नसेल, तर आरशालाही तुम्ही दिसत नाही, एवढं धरून चाला. ती वळायला लागली की कडेनं पुढे घुसू नका. थांबा. दोन मिनिटं उशीर झाला म्हणून घरातून कुणी हाकलत नाही."

ताईची पाळी आली तेव्हा ती त्या खुर्चीवरून लवकर उतरेचना. रिकाम्या आरशाकडे बघत बसली. मग तिनं विचारलं, "काका, रोज चालवताना भीती वाटायची का हो?"

"रोज वाटायची," काका म्हणाले. "म्हणून तर चौतीस वर्षं निघाली."

चष्मेवाला मात्र म्हणाला, "बसलाच चष्मा लावायला हवा." पुन्हा हशा. मी त्याच्या डोक्यावरच होतो. आत काही शिरलं की मला कळतं. काही शिरलं नव्हतं.

टोळीबरोबर रस्त्यावर जाणं ही एक वेगळीच मजा होती. सगळ्यात पुढच्याला खड्डा दिसला की तो एक हात खाली करून बोट दाखवायचा आणि ओरडायचा, "खड्डा!" मग दुसरा तेच करायचा, मग तिसरा. तो शब्द रांगेतून मागे मागे जात शेवटी काकांपर्यंत पोचायचा. मागून मोटार आली की उलट. काका ओरडायचे, "मागून गाडी!" आणि शब्द पुढे पळायचा. जोडीजोडीनं गप्पा मारत चाललेली मंडळी लगेच एकामागे एक व्हायची. वळायचं तर आधी मागे बघायचं, मग हात दाखवायचा, मग वळायचं. पाववाले हात दाखवायचे तो इतका ऐसपैस की मागच्याला वाटावं, मिठीच मारतायत. थांबायचं झालं तर रस्त्यावर घोळका करायचा नाही, सायकली खाली गवतात उतरवायच्या.

चष्मेवाल्याला हे सगळं पोरखेळ वाटायचं. त्याचे पाय चांगले होते आणि त्याला पुढे राहायला आवडायचं. पण मागे वळून बघणं, हात करणं, ओरडणं, छे! "ज्याला डोळे आहेत त्याला खड्डा दिसतो," तो म्हणायचा. "ज्याला दिसत नाही त्यानं माझ्या दुकानात यावं."

एकदा रस्त्याच्या कडेनं एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत चालले होते. चष्मेवाल्यानं लांबूनच घंटी सुरू केली. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग ट्रिंग. म्हातारबुवा दचकले, कुठे व्हावं कळेना, आणि त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र पानापानानं रस्ताभर झालं. हा आपला पुढे निघून गेला. मागून काकांनी सायकल थांबवली, सगळी पानं गोळा केली, क्रमानं लावून त्यांच्या हातात दिली. मग चष्मेवाल्याला गाठून म्हणाले, "चष्मेवाले, घंटी एकदा वाजवली तर ती हाक असते. दहादा वाजवली की शिवी होते."

"पण मी त्यांच्या भल्यासाठीच..."

"बस चालवताना मीही तेच म्हणायचो," काका म्हणाले. मग सायकल पुन्हा सगळ्यांच्या मागे नेली.

आता तो रविवार सांगतो.

टोळी तळ्यापर्यंत जाणार होती. निघायच्या वेळी ताईच्या हेल्मेटचं बक्कल तुटलं. जुनंच होतं ते. तिनं गाठ मारायला घेतली, तर काका म्हणाले, "गाठ म्हणजे बक्कल नव्हे. ताई, आज तुम्ही राहा." ताईचं तोंड उतरलं. पाववाल्यांनी आपल्या पिशवीतून जादा हेल्मेट काढलं, पण ते त्यांच्याच मापाचं. ताईच्या डोक्यावर ते टोपल्यासारखं गरागरा फिरलं.

चष्मेवाल्याचं डोकं तसं मोठं. तो चटकन म्हणाला, "ताई, तू माझं घे. मी ते टोपलं घालतो."

सगळ्यांना वाटलं, काय भावाची माया! माया होती, नाही म्हणत नाही. पण माझ्यापासून सुटका होत असल्याचा आनंदही होता. त्या टोपल्यात त्याचा कोंबडा दबत नव्हता. काकांनी पाठीमागची चकती करकचून फिरवली, टोपलं हलत नाही हे पाहिलं, तेव्हा कुठे परवानगी दिली.

ताईनं मला हातात घेतलं. आधी आतून-बाहेरून पाहिलं, जसं ती पुस्तक हातात घेऊन बघते तसं. मग पट्ट्या सारख्या केल्या, पीळ काढला, चकती फिरवून डोक्याला बसतं केलं, बक्कल लावलं, बोट घालून पाहिलं. कारखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदाच मी जिथे असायला हवं तिथे होतो. काय सांगू तुम्हाला! मला एकदम नोकरीला लागल्यासारखं वाटलं.

परतीच्या वाटेवर चष्मेवाला सगळ्यात पुढे होता. त्याच्या मागे ताई, तिच्या मागे पाववाले, मग बाकीचे, शेवटी काका. भाऊ वेगात होता आणि ताईलाही त्या दिवशी हुरूप आला होता. तिचं पुढचं चाक भावाच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर आलं होतं. रस्ता अरुंद झाला. मागून काकांची आरोळी आली, "मागून गाडी! मोठी आहे! एका रांगेत!" मोठा ट्रक होता. काकांनी हात वर करून त्याला थोडं थांबायची खूण केली, आणि ट्रकवाला समजूतदारपणे त्यांच्या मागे हळूहळू येऊ लागला.

रस्त्याच्या कडेला पावसाचं पाणी जायची एक लोखंडी जाळी होती. तिच्या फटी रस्त्याच्याच दिशेनं, उभ्या. सायकलचं चाक अलगद आत जावं, अशा. चष्मेवाल्याला ती दिसली. अगदी शेवटच्या क्षणी त्यानं कंबर हलवून सायकल बाजूनं काढली. हात केला नाही. तोंडातून शब्द काढला नाही.

ताईच्या समोर भावाची पाठ होती. ती पाठ एकदम बाजूला झाली, आणि खाली जाळी.

चाक फटीत गेलं आणि जागच्या जागी अडकलं. ताई हँडलवरून उडाली. मी रस्त्याच्या कडेचा दगड येताना पाहिला. मला वाटलं होतं, दुखेल. नाही दुखलं. आतले दाणे एकमेकांत दाबले गेले, डाव्या बाजूनं मी चिरलो, आणि जो घाव ताईच्या डोक्याला जायचा तो माझ्यातच थांबला.

मागे पाववाल्यांनी एवढ्या मोठ्या देहानं सायकल शांतपणे गवतात घातली आणि "थांबा!" म्हणून असे गरजले की झाडावरची पाखरं उडाली. रांग थांबली. कुणी कुणावर आदळलं नाही. ट्रक तर आधीच हळू होता, तो थांबला. ट्रकवाला पाण्याची बाटली घेऊन धावत आला.

चष्मेवाला सायकल टाकून मागे पळत आला. ताई उठून बसली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून. चेहरा पांढराफटक. आणि या शहाण्यानं पहिलं वाक्य काय बोलावं?

"ताई, तुला जाळी दिसली नाही?"

ताईनं मान वर केली. ओरडली नाही. "मला तुझी पाठ दिसत होती," ती म्हणाली.



दवाखान्यात डॉक्टरबाईंनी ताईच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, वार विचारला, बोटं मोजायला लावली. मग म्हणाल्या, "डोकं ठणठणीत आहे. मनगट मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर." मग मला उचलून भेगेतून बोट फिरवलं. "याचं काम झालं. हे पुन्हा कुणी डोक्यावर घालायचं नाही."

"आणि माझं काम?" ताईनं विचारलं. तिच्या टेबलावर एका शाळेच्या वाचनालयाची दोनशे पुस्तकं सुट्या पानांनी पडली होती. बांधणाऱ्याचा उजवा हात म्हणजे अख्खी बांधणी.

बाहेरच्या बाकावर चष्मेवाला मला मांडीवर घेऊन बसला. भेग अंगठ्यानं चाचपत राहिला. बायको आली, शेजारी बसली. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "पुस्तकांचं काय करायचं मग?"

"मी जाईन," तो म्हणाला.

आणि गेला. दुकान बंद केलं की रोज संध्याकाळी ताईकडे. ताईनं मला टेबलावर मागून घेतलं होतं, दोऱ्याची रिळं ठेवायला, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. सुईत दोरा ओवणं त्याला सहज जमलं. चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवणारे हात ते. पण खळ! पहिल्या दिवशी पुस्तकापेक्षा त्याच्या सदऱ्याला जास्त लागली. ताई खुर्चीत बसून सांगायची, "ओढ. इतका नको, पान फाटेल. आता दाब." एका पुस्तकाला त्यानं पुठ्ठा चक्क उलटा चढवला. लक्षात आलं तेव्हा खळ वाळली होती.

"राहू दे," ताई म्हणाली. "वाचणारा शीर्षासन करेल."

ती हसली, मग तोही हसला. पडल्यापासून दोघं एकत्र हसले ते तेव्हा पहिल्यांदा. पण जाळीचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नाही.

जाळीसाठी तो रस्त्याच्या कार्यालयात जात होता. "फटी आडव्या करा" एवढंच मागणं. पहिल्यांदा सांगितलं, अर्ज लिहून आणा. दुसऱ्यांदा, हा विभाग नाही. तिसऱ्यांदा साहेब जेवायला गेले होते. चौथ्यांदा तो मला पिशवीत घालून घेऊन गेला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. साहेब जाळीचा फोटो डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून बघत होते. त्यांच्या चष्म्याची एक काडी लोंबत होती आणि काच तिरकी झाली होती. चष्मेवाल्याला ते बघवेना. खिशातला इवलासा पेचकस काढून, "द्या इकडे" म्हणून त्यानं तिथल्या तिथे स्क्रू आवळला. साहेबांनी चष्मा लावला, फोटो पाहिला आणि म्हणाले, "अरे! ही तर उलटी बसवली आहे!"

पंधरा दिवसांत त्या रस्त्यावरच्या सगळ्या जाळ्या आडव्या झाल्या. काकांनी मुद्दाम सायकल घालून पाहिली.

प्लास्टर निघालं, पुस्तकं शाळेत पोचली. ताईनं मला भावाकडे परत पाठवलं आणि त्यानं मला दुकानाच्या दर्शनी काचेत, चष्म्यांच्या मधोमध ठेवलं. गिऱ्हाईकं विचारायची, "हे काय?" मग तो गोष्ट सांगायचा. माणूस गोष्ट कशी सांगतो हे ऐकण्यासारखं असतं. सुरुवातीला तो सांगायचा, "रस्ते फार वाईट आहेत हो." मग सांगायला लागला, "जाळी चुकीची बसवली होती." खोटं काहीच नव्हतं. पण दरवेळी गोष्ट त्या जाळीपाशी आली की त्याचा आवाज जरा पडायचा, आणि तो समोरच्या चष्म्याची काच उगाचच पुसायला घ्यायचा.

एका दुपारी ताई डोळे तपासायला आली. आत खुर्चीत बसली, डोळ्यांवर तपासणीची जड चौकट, समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. तेवढ्यात एक शिक्षिका आल्या. त्या नुकत्याच सायकल चालवायला लागल्या होत्या. मला बघून त्यांनी विचारलं, "हे विकायला आहे?"

"नाही हो, फुटलेलं आहे," चष्मेवाला म्हणाला. "माझ्या ताईनं घातलं होतं. काय झालं, एक जाळी होती, तिच्या फटी..." आणि तो थांबला. आत ताई तक्त्याकडे बघत बसली होती. सगळं ऐकू येत होतं तिला.

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"पुढे मी होतो," तो म्हणाला. "जाळी मला दिसली. मी चुकवली. मागे सांगितलं नाही. म्हणून ती पडली."

शिक्षिका वाकून माझ्या भेगेकडे बघू लागल्या. मग आतून ताईचा आवाज आला, तक्त्यावरची नजर न काढता.

"आणि मी त्याच्या चाकाला चिकटून चालवत होते. तेही सांग त्यांना. अंतर ठेवलं असतं तर मलाही दिसली असती." जरा थांबून म्हणाली, "खालून दुसरी ओळ दिसत नाहीये मला. भिंग बदल."

चष्मेवाला आत गेला. भिंग बदलायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. नाकावरचा चष्मा न काढता डोळे पुसायचं कसब त्याच्या धंद्यातल्या माणसालाही नसतं.

"रविवारी येतेस?" त्यानं विचारलं.

"येते. तुझ्या मागे एक अख्खी सायकल मावेल एवढं अंतर ठेवून." मग ताईनं विचारलं, "ओरडशील ना?"

ओरडतो का विचारता? मध्यंतरी असा ओरडायला लागला होता की टोळी हैराण. "खड्डा! दगड! पान! सावली!" शेवटी काकांनी हात जोडले, "अहो चष्मेवाले, सावलीत पडून अजून कुणी मेलं नाही." आता जरा सुधारलाय. हे त्याच्या बायकोनं दुकानात मैत्रिणीला सांगितलं, तेव्हा मला कळलं.

मी आता कुठे जात नाही. इथे काचेत बसतो. माझ्या डाव्या अंगाला भेग आहे, कवच उन्हानं फिकट पडलंय, आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच चष्मे माझ्याकडे रोखून बघत असतात. कंटाळा येत नाही. रस्ता समोरच आहे.

परवा दुकानासमोर नळ दुरुस्तीवाल्यांनी खणलं आणि नीट न बुजवताच गेले. रविवारी सकाळी टोळी त्याच रस्त्यानं आली. पुढे चष्मेवाला. नवं हेल्मेट भुवयांपर्यंत खाली, कोंबडा पार चेपलेला, बक्कल लागलेलं. त्यानं हात खाली केला. "खड्डा!" त्याच्या मागे, चांगलं अंतर ठेवून, ताई. बरा झालेला उजवा हात तिनं खाली केला. "खड्डा!" मग पाववाले, मग बाकीचे, एकेक करत माझ्या काचेसमोरून गेले. शेवटी काका. त्यांच्या मागे टोळीतलं कुणीच नव्हतं. तरी त्यांनी हात खाली केला आणि म्हणाले, "खड्डा!"

मागून एक दूधवाली सायकलवरून येत होती, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले. टोळीशी तिचा काही संबंध नाही. तिनं काकांचा हात पाहिला, हँडल जरासं वळवलं आणि खड्ड्याच्या बाजूनं निघून गेली. दूध हिंदकळलंसुद्धा नाही. काकांना ती मागे आहे हे ठाऊकही नसावं.

बस्स, माझं सांगून झालं. तुम्हीही आता निघा. फक्त रस्त्यावर तुम्ही पुढे असाल, तर मागे सांगत चला. मागे कोण आहे, हे दरवेळी माहीत असतंच असं नाही.